चौपाटीच्या वाळूवरून विमान उडेल का?

अनंत चतुर्दशी तोंडावर आली की गिरगाव चौपाटीवर एक काम सुरू होतं. त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही, कारण सगळ्यांचे डोळे बाप्पाच्या वाटेकडे लागलेले असतात. महापालिकेची माणसं मऊ वाळूवर जाड लोखंडी प्लेटा अंथरत असतात, एकीला एक लावून, थेट पाण्याच्या दिशेने. लालबाग-परळहून, गिरगावातल्या गल्ल्यांतून मोठमोठे गणपती ज्या ट्रॉल्यांवरून येतात, त्यांची चाकं वाळूत रुतू नयेत म्हणून हा तात्पुरता रस्ता. विसर्जन झालं की प्लेटा उचलल्या जातात.

पुढच्या खेपेला विसर्जनाला गेलात की गर्दीतून थोडं बाजूला होऊन त्या प्लेटेची कडा बघा. चाक प्लेटेवर आहे तोवर ट्रॉली सरळ पुढे जाते. तेच चाक कडेवरून वाळूत घसरलं की संपलं! पन्नास माणसं खांदा लावतात, दोर ओढतात, घामाघूम होतात, आणि चाक आणखी खोल जातं.

असं का होतं? चाक केवढंही मोठं असो, जमिनीला ते टेकतं फार थोड्या जागेत. ट्रॉलीचं सगळं वजन त्या एवढ्याशा जागेवर येतं. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरून नसतात, ते बाजूला सरकतात आणि चाक खाली बसतं. म्हणजे चाकाभोवती त्याचाच एक खड्डा तयार होतो. आता पुढे जायचं तर त्या खड्ड्याचा चढ चढायला हवा. चाक थोडं पुढे सरकतं, की पुढे नवा खड्डा, नवा चढ. सपाट वाळूवर चालणारं चाक खरं तर सगळा वेळ डोंगर चढत असतं. प्लेट तेच वजन मोठ्या जागेवर पसरवते, त्यामुळे वाळू सरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने नेमकी हीच युक्ती विमानांसाठी वापरली. १९४१ साली त्यांनी पोलादी पट्ट्या बनवल्या: १० फूट लांब, सव्वा फूट रुंद, वजन साधारण ३० किलो. वजन कमी व्हावं आणि पाणी निचरून जावं म्हणून प्रत्येक पट्टीला ८७ गोल भोकं, आणि एक पट्टी दुसरीत अडकवायला कडेला आकडे. जंगलातल्या चिखलावर किंवा बेटावरच्या वाळूवर त्या अंथरल्या की धावपट्टी तयार! अमेरिकेतल्या मार्स्टन गावाजवळ त्या पहिल्यांदा वापरल्या गेल्या, म्हणून त्यांना मार्स्टन मॅट म्हणू लागले.

पण मुळात विमानाला जमिनीची एवढी काळजी का? ते तर आकाशात जाणारं वाहन.

कारण आकाशात जाण्याआधी त्याला जमिनीवरून धावावं लागतं, आणि या कामात ते फारच दुबळं असतं. मोटारीचं इंजिन चाकं फिरवतं. विमानाची चाकं मोकळी असतात, इंजिनाचा आणि त्यांचा काही संबंध नसतो. इंजिन फिरवतं पुढचा पंखा, पंखा हवा मागे ढकलतो आणि विमान पुढे सरकतं. म्हणजे वाळूत रुतलेलं चाक बाहेर काढायचं, तेही फक्त हवेला ढकलून!

चिराबाजारातल्या तळपद्यांची गोष्ट

गिरगावातल्या मुलांनी ही गोष्ट कधी ना कधी ऐकलेली असते. शिवकर बापूजी तळपदे नावाचे गृहस्थ चिराबाजारात राहत. त्यांनी 'मरुत्सखा' नावाचं विमान बनवलं, १८९५ साली ते चौपाटीवरून उडवलं, विमानात माणूस नव्हता, ते १,५०० फूट वर गेलं आणि मग कोसळलं, असं सांगतात. या गोष्टीवर २०१५ साली एक हिंदी चित्रपटसुद्धा आला.

तळपदे खरोखर होऊन गेले. त्यांचा जन्म १८६४ सालचा. संस्कृतचा त्यांचा अभ्यास होता आणि उडण्याचा ध्यास होता. इंजिन लावलेल्या विमानात बसून जगात कुणीच उडालेलं नव्हतं, तेव्हा गिरगावातला एक माणूस रात्रंदिवस विमानाचा विचार करत होता. ही गोष्ट मला फार आवडते. पण ते विमान उडालं का, हा प्रश्न वेगळा. त्या दिवसाचं छायाचित्र नाही, मापं घातलेलं चित्र नाही, बघणाऱ्याने तेव्हाच लिहून ठेवलेलं टिपण समोर आलेलं नाही. 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ज्या ग्रंथाशी ही गोष्ट जोडली जाते, तो १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहून घेतलेला आहे, म्हणजे १८९५ च्या बऱ्याच नंतर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली त्यातली विमानं तपासली. त्यातलं एकही उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पुरावा म्हणजे काय असतं, ते बघायला आपण १८९५ च्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत जाऊ. सॅम्युअल लँगली नावाच्या शास्त्रज्ञाने वाफेच्या इंजिनावर चालणारं, माणूस नसलेलं छोटं विमान बनवलं होतं. वजन साधारण ११ किलो. ६ मे १८९६ रोजी ते पोटोमॅक नदीवर जवळजवळ एक किलोमीटर उडालं. आणि तिथे कॅमेरा घेऊन कोण हजर होतं माहीत आहे? टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. त्यांनी काढलेली छायाचित्रं आजही आहेत. विमानाचं वजन, मापं, अंतर, सगळं लिहिलेलं आहे.

आता गंमत बघा. लँगलीने ते विमान जमिनीवरून उडवलंच नाही! नदीत एक घर-नाव उभी केली, तिच्या छपरावर स्प्रिंगचं यंत्र बसवलं आणि त्यातून विमान फेकलं. धावायची कटकटच नको. मग माणूस बसेल असं मोठं विमान त्याने त्याच पद्धतीने फेकायचं ठरवलं. ७ ऑक्टोबर १९०३ रोजी ते सरळ नदीत पडलं. ८ डिसेंबरला पुन्हा प्रयत्न केला, या वेळी ते सुटतानाच मोडलं आणि पुन्हा नदीत. चालवणारा चार्ल्स मॅनली दोन्ही वेळा पाण्यातून सुखरूप बाहेर आला.

साडेतीन सेकंदांचं उड्डाण

दुसऱ्या अपयशाला आठवडाही झाला नव्हता, आणि अमेरिकेच्याच किनाऱ्यावर, किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर, विल्बर आणि ऑरव्हिल राईट आपलं विमान घेऊन उभे होते. इथे सगळीकडे वाळूच वाळू. त्यांनी काय केलं? चाकांवर भरवसा ठेवलाच नाही. ६० फूट लांबीचा एक लाकडी रूळ केला, त्यावर लोखंडाची पट्टी ठोकली आणि विमान त्यावरून घसरवायचं ठरवलं.

हे त्यांना का करावं लागलं, ते आपण आकडे मांडूनच बघू. माणसासकट त्यांच्या विमानाचं वजन होतं साधारण ३४० किलो. दोन पंखे मिळून जो जोर लावत, तो साधारण ६० किलो वजन उचलण्याएवढा. आता चाक ढकलायला किती जोर लागतो? काँक्रीटवर वजनाच्या शेकडा दोन एवढा धरा. म्हणजे ३४० किलोंसाठी सात किलो सुद्धा नाही. पंख्यांकडे ६० किलोंचा जोर आहे, मजेत पळेल. पण कोरड्या, भुसभुशीत वाळूत शेकडा २० ते ४० लागतात. ३४० चे शेकडा २० म्हणजे ६८. संपला की हिशेब! पंखे घरघरत राहतील, वाळू उडेल, आणि विमान जागचं हलणार नाही.

म्हणून रूळ. तळपद्यांची गोष्ट पुन्हा कुणी सांगितली, तर त्यांना अगदी आदराने हा एक प्रश्न विचारा: विमान वाळूवर धावलं कशावरून?

१४ डिसेंबर १९०३. दोघा भावांनी नाणं उडवलं, विल्बर जिंकला. रूळ टेकडीच्या उतारावर मांडलेला होता. विल्बर पंखावर पालथा झोपला, विमान सुटलं, रूळ पूर्ण संपायच्या आधीच वर उठलं. विल्बरने त्याचं नाक जरा जास्तच वर केलं. विमान १५ फुटांपर्यंत चढलं, तिथे त्याचा वेग मेला आणि ते खाली येऊन वाळूत आपटलं. डावा पंख टेकला, पुढचे लाकडी भाग मोडले. सगळं मिळून साडेतीन सेकंद.

या साडेतीन सेकंदांत काय घडलं, ते नीट समजून घेऊ, कारण आजही छोट्या विमानांचे अपघात असेच होतात. पंखाला वर उचलणारा जोर मिळतो तो त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेमुळे. नाक थोडं वर केलं की हा जोर वाढतो. पण नाक फारच वर केलं, तर हवा पंखाच्या पाठीला चिकटून वाहीनाशी होते, सुटते, तिच्यात भोवरे होतात आणि जोर एकदम कोसळतो. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणं वेगळं आणि हे वेगळं. स्टॉलमध्ये इंजिन जोरात चालूच असतं. विल्बरला जमिनीने सोडलं होतं, पण हवेने अजून धरलं नव्हतं.

दुरुस्तीला दोन दिवस गेले. १७ डिसेंबरला उत्तरेकडून ताशी ४० किलोमीटरपेक्षाही जोराचा वारा होता. एवढ्या वाऱ्यात कोण विमान काढेल? पण या दोघांनी रूळ सपाट जागी, वाऱ्याच्या समोर मांडला, कारण वारा त्यांचं अर्ध्याहून अधिक काम करणार होता. पंखाला हवेचा वेग हवा असतो, जमिनीवरचा नाही. विमानाला हवेत ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग लागत होता, त्यातले चाळीस वाऱ्याने आयते दिले. ऑरव्हिलचं पहिलं उड्डाण जमिनीवरून बघणाऱ्याला ताशी ११ किलोमीटरचंच दिसलं. वेळ १२ सेकंद, अंतर साधारण ३७ मीटर. आपल्या लोकलचे दोन डबे लावले तर त्यांच्याहूनही कमी! त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंद उडाला, २६० मीटर गेला.

थंडीत मरीन ड्राइव्हवर आणि चौपाटीवर कुरव पक्षी येतात, ते उडताना बघा. वारा सुटला असेल तर ते त्याच्याकडे तोंड करूनच उठतात. विमानतळावरसुद्धा वारा फिरला की विमानं पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून उडायला लागतात.

मग चौपाटीवरून उडताच येणार नाही?

येईल! पण वाळू निवडून घ्यावी लागेल. भरती ओसरल्यावर पाण्यालगत जो ओला, घट्ट पट्टा उरतो त्यावर तुम्ही धावलाच असाल, तिथे पाय रुतत नाही. कणांमध्ये थोडं पाणी असलं की ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. वाळूचा किल्ला करताना आपण पाणी का घालतो, त्याचं कारण हेच. अशा घट्ट वाळूवर चाक ढकलायला वजनाच्या शेकडा चार ते आठ एवढा जोर पुरतो. आपल्या ३४० किलोंसाठी १४ ते २७ किलो. पंख्यांना हे जमण्यासारखं आहे. पाणी जास्त झालं तर मात्र कण तरंगायला लागतात आणि पुन्हा रबडी.

स्कॉटलंडमध्ये बारा नावाचं बेट आहे. तिथला विमानतळ म्हणजे चक्क समुद्रकिनारा. रोजची, तिकीट काढून जायची विमानं तिथे ओल्या वाळूवर उतरतात आणि तिथूनच उडतात. भरती आली की धावपट्टी पाण्याखाली! त्यामुळे विमानांचं वेळापत्रक भरती-ओहोटी बघून ठरतं. कोळीवाड्यातल्या माणसाला यात काहीच नवल वाटणार नाही.

मुंबईलाही एके काळी असंच वेळापत्रक होतं, फक्त भरती-ओहोटीऐवजी पावसाळ्याचं. जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. प्रवासी आणि टपालाच्या विमानांसाठी देशात झालेला हा पहिला. तेव्हा तिथे काळीभोर गुळगुळीत पट्टी नव्हती, समुद्राकाठची सपाट मातीची जमीन होती. त्याच वर्षी मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी तिथल्या एका तरुणाला वैमानिकाचा परवाना मिळाला. परवान्याचा क्रमांक होता १. तरुणाचं नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे जेआरडी.

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जेआरडी कराचीहून पस मॉथ नावाचं एका इंजिनाचं चिमुकलं विमान घेऊन निघाले. विमानात २५ किलो टपाल. वाटेत अहमदाबादला उतरले, तिथे विमानाचं पेट्रोल बैलगाडीतून आलं! डब्यांनी टाकी भरली आणि दुपारी दोनच्या सुमाराला ते जुहूला उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे वैमानिक टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. आपल्या देशातल्या विमानसेवेची ही सुरुवात.

तारीख पुन्हा वाचा. ऑक्टोबरचा मध्य, म्हणजे मुंबईचा पाऊस सरलेला. पावसाळ्यात भरतीच्या वेळी जुहूचं ते मैदान समुद्राच्या पातळीच्याही खाली जायचं, सगळा चिखल. मग काय करायचे ठाऊक आहे? दोन विमानं, मोजके वैमानिक, मोजके मेकॅनिक, एवढं सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला न्यायचे आणि येरवडा तुरुंगाजवळच्या एका मैदानावरून विमानं उडवायचे. चार महिने मुंबईचं टपाल घेऊन येणारं विमान मुंबईत उतरतच नसे. मला यात जेआरडींचं शहाणपण दिसतं. चिखलातून विमान काढून दाखवण्याची फुशारकी त्यांनी मारली नाही. पुढे जुहूला पक्की धावपट्टी झाली.

खराब पट्टीवर नेमकं काय होतं?

समजा, चार आसनांचं एक छोटं विमान आहे. कुठल्याशा गावाबाहेरच्या मैदानातून ते उडणार आहे. काल पाऊस पडून गेलाय, गवत घोट्याएवढं वाढलंय, पलीकडच्या टोकाला झाडं आहेत. वैमानिक इंजिन पूर्ण जोरात सोडतो. सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. पण ओलं गवत चाकांना धरून ठेवतं, मऊ मातीत चाक बोटभर खाली बसतं, वेग हळूहळू वाढतो. मध्येच एक उंचवटा येतो आणि त्यावरून विमान टुणकन हवेत उडी मारतं. वैमानिकाला वाटतं, सुटलो!

इथे हवा एक चकवा देते. जमिनीच्या अगदी जवळ, पंखाच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर, विमानाला तरंगायला कमी श्रम पडतात, कारण पंखाच्या टोकांशी जे भोवरे तयार होतात ते जमिनीमुळे मोकळे पसरू शकत नाहीत. राईट बंधूंचं विमान ४० फूट पंखाचं होतं आणि १७ डिसेंबरची त्यांची उड्डाणं दहा-बारा फुटांवरून झाली, म्हणजे तीही याच आधारावर. त्यामुळे पुरेसा वेग नसतानाही विमान जमिनीवरून उठतं. पण तसंच वर चढायला गेलं की हा आधार सुटतो, नाक वर, वेग कमी, आणि मग विल्बरचे साडेतीन सेकंद. नाहीतर विमान धप्पकन परत जमिनीवर येतं आणि समोर झाडं असतात.

जाणता वैमानिक मऊ मैदानावर वेगळंच करतो. नाकाखालचं चाक रुतलं तर विमान पालथं होऊ शकतं, म्हणून धावतानाच तो नाक थोडं उचलून धरतो. विमान वेळेआधी उठलं की त्याला लगेच वर चढवत नाही. हातभर-दोन हात उंचीवर सरळ पळवत ठेवतो. चाकं मोकळी झाल्यामुळे वेग आता भराभर वाढतो, आणि तो पुरेसा झाला की मगच चढण. हे दहा-पंधरा सेकंद धीर धरणं सगळ्यात अवघड. झाडं समोरून धावत येत असताना हात आपोआप नाक वर ओढायला जातो.

ब्रिटनच्या हवाई सुरक्षा खात्याने छोट्या विमानांच्या वैमानिकांसाठी एक छान हिशेब करून दिलाय. कोरड्या पक्क्या पट्टीवरून उडून झाडांच्या वर जायला विमानाला ४०० मीटर लागतात असं समजू. गवत ओलं असेल तर त्याला १.३ ने गुणा: ५२० मीटर. जमीन मऊ असेल तर पुन्हा १.२५ ने: ६५०. हवा १० अंशांनी जास्त गरम असेल तर १.१ ने, कारण गरम हवा विरळ असते, तिच्यात पंखही दुबळा आणि इंजिनही: ७१५. सामान आणि माणसं मिळून वजन दहा टक्क्यांनी वाढलं असेल तर १.२ ने: ८५८. हे आकडे एकमेकांत मिळवायचे नसतात, गुणायचे असतात, हे लक्षात घ्या. खातं म्हणतं, एवढं करूनही शेवटी १.३३ ने गुणून ठेवा. झाले १,१४१ मीटर! जुहूची आजची मोठी धावपट्टी साधारण तेवढीच आहे. चारशे मीटरचं काम, आणि पाऊस, ऊन, जास्तीचं वजन यांनी अख्खं जुहू खाऊन टाकलं.

जुहूवरून आठवलं. १५ जुलै १९५३ रोजी कॉमेट नावाचं जेट प्रवासी विमान सांताक्रूझचा विमानतळ समजून चुकून जुहूला उतरलं. उतरलं खरं, पण उडणार कसं? नऊ दिवस ते तिथेच उभं होतं, मग कुठे ते उडालं. १९७२ साली जपानच्या एका मोठ्या विमानाने पुन्हा तीच चूक केली. ते पट्टी ओलांडून पुढे गेलं आणि कायमचं मोडलं; सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही.

निम्म्या पट्टीवरची खूण

सगळ्यात हुशारीची गोष्ट मी शेवटी ठेवली आहे. आठवीतल्या मुलांना तिच्यात त्यांचं गणित सापडेल.

खराब पट्टीवरून निघताना वैमानिक पट्टीच्या बरोबर मध्यावरची एखादी खूण हेरून ठेवतो: झाड, दगड, झेंडा, काहीही. तिथे पोचेपर्यंत उडायला लागणाऱ्या वेगाच्या शेकडा ७० वेग आला नसेल, तर इंजिन कमी करायचं, ब्रेक लावायचा, थांबायचं. अर्धी पट्टी समोर शिल्लक असते, त्यामुळे थांबता येतं. आणखी थोडं बघू म्हणत पुढे गेलं की उडण्याएवढा वेगही नाही आणि थांबण्याएवढी जागाही नाही.

पण निम्म्या अंतरावर निम्मा वेग का नाही पुरत? सत्तरच का? कारण सुरुवातीला विमान हळू असतं, त्यामुळे पहिल्या अर्ध्या अंतरात ते जास्त वेळ घालवतं आणि त्या वेळात बराच वेग कमावतं. दुसरं अर्धं अंतर भर्रकन संपतं, वेग वाढवायला वेळच मिळत नाही. जोर एकसारखा असेल तर वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात वाढतो. अंतर निम्मं, तर वेगाचा वर्ग निम्मा, आणि वेग १ भागिले २ चं वर्गमूळ, म्हणजे ०.७०७. वहीतलं √२ चिखलातल्या विमानाला वाचवतं!

हे घरी तपासता येतं. दोन मीटर लांबीची सरळ फळी घ्या, एक टोक वीटभर उचला, मध्यावर खडूने रेघ मारा. वरून गोटी सोडा, ढकलू नका, आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपा. पूर्ण फळी उतरायला जेवढा वेळ लागला, त्याच्या शेकडा ७१ वेळ मध्याच्या रेघेपर्यंतच गेलेला दिसेल. वेग जसा वाढतो, तसाच हा वेळाचा हिशेबही √२ नेच चालतो. मग दुसरा प्रयोग करा. फळीवर जुना टॉवेल अंथरा, एकदा फक्त वरच्या अर्ध्या भागावर, एकदा फक्त खालच्या. टॉवेल म्हणजे आपलं मऊ मैदान. दोन्ही वेळा टॉवेल तेवढाच, फळीही तेवढीच. कुठल्या खेपेला गोटी उशिरा पोचते, आणि खालच्या टोकाशी तिचा वेग दोन्ही वेळा सारखा असतो की वेगळा, ते आधी अंदाजाने लिहा आणि मग मोजा.